थंड हवेचे ठिकाण : पाचगणीच्या हवेचा इतिहास

डोंगरमाथ्यावर वसलेल्या विश्रांतीच्या गावांना मराठीत ‘थंड हवेचे ठिकाण’ म्हणतात. या नावात डोंगराचा उल्लेख नाही, हवेचा आहे, आणि सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या बाबतीत हे नाव अक्षरशः खरे ठरते. कारण या गावात खाण नव्हती, गिरणी नव्हती, मोठी बाजारपेठ नव्हती की फार जुने तीर्थक्षेत्रही नव्हते, आणि तरीही गेल्या दीडशे वर्षांत येथे ज्या निवासी शाळा, रुग्णालये, बंगले आणि हॉटेले उभी राहिली ती सर्व येथील हवेच्या लौकिकावर उभी राहिली. २०११ च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या पंधरा हजारांच्या आत होती. एवढ्या लहान गावाच्या हवेचा स्वतंत्र इतिहास मांडण्याचे कारण असे की, चांगली हवा ही केवळ उंचीची देणगी आहे हा समज या गावाकडे पाहताना टिकत नाही. पाचगणीची हवा डोंगराची सोंड, दोन नद्यांची खोरी, पश्चिमेकडून येणारा पाऊस आणि वर्षभर पालटत राहणारे वारे यांच्या मेळातून रोज नव्याने घडते. आणि गाव वसवणाऱ्यांनी ती अनुभवाने अचूक ओळखली असली, तरी तिचे कारण त्यांनी दीर्घकाळ चुकीचे सांगितले.

सह्याद्रीच्या मुख्य धारेवर महाबळेश्वरचे पठार आहे, आणि त्या पठारापासून पूर्वेकडे निघालेल्या एका लांब सोंडेवर सुमारे १,३०० मीटर उंचीवर पाचगणी वसलेली आहे. सोंडेच्या उत्तरेला कृष्णेचे खोरे आहे, ज्यातून नदी धोमवरून वाईकडे जाते, आणि दक्षिणेला कुडाळी नदीचे खोरे आहे. संपूर्ण प्रदेश दख्खनच्या काळ्या बसाल्ट खडकाचा असला, तरी माथ्यावर जांभा दगडाचे, म्हणजे दीर्घकाळ ऊन-पावसाने झिजून लोहयुक्त आणि लालसर झालेल्या खडकाचे, कठीण टोपण आहे. या टोपणामुळे माथे टोकदार न होता सपाट राहिले आणि त्यांच्या कडा एकदम तुटल्या. गावालगतचे जे विस्तीर्ण पठार ‘टेबल लँड’ या इंग्रजी नावानेच मराठीत रूढ झाले आहे, ते याच घडणीचे उदाहरण होय. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मध्ये असलेली ही जागा म्हणून तिला पाचगणी हे नाव मिळाले, असे मानले जाते. ही पाचही गावे जुनी असून मधला माथा मात्र बराच काळ वस्तीवाचून राहिला होता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे: शेतकऱ्याला पाणी आणि माती जिथे धरून राहते ती जागा हवी असते, आणि जांभ्याच्या उघड्या माथ्यावर दोन्ही टिकत नाहीत. जी जागा शेतीला निरुपयोगी होती तीच पुढे हवेसाठी मोलाची ठरली.

या मोलाचे पहिले कारण रात्रीच्या हवेत आहे. आकाश निरभ्र असलेल्या हिवाळ्यातील रात्री जमीन आपली उष्णता वेगाने गमावते, तिला चिकटून असलेली हवा थंड आणि जड होते, आणि पाणी उतारावरून वाहावे तशी ती दोन्ही बाजूंच्या उतारांवरून खाली खोऱ्यात वाहत जाते. पहाटेपर्यंत खोऱ्याच्या तळाशी थंड हवेचे तळे साचते आणि त्याच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. उंचीबरोबर तापमान कमी होण्याचा नेहमीचा क्रम येथे उलटा होतो, म्हणून भूगोलात या स्थितीला ‘तापमानाची विपरीतता’ असे म्हणतात. विपरीततेच्या झाकणाखाली खोऱ्यातील चुलींचा, शेकोट्यांचा आणि जाळलेल्या पालापाचोळ्याचा धूर अडकून पडतो, कारण वर जाण्यासाठी धुराला ज्या उबेची आणि उसळीची गरज असते ती त्या थरात संपते. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर, म्हणजे पाचगणीहून जवळजवळ ६०० मीटर खाली आहे. त्यामुळे जानेवारीच्या पहाटे वाईचे घाट आणि देवळे धुरकट धुक्यात बुडालेली असताना वरच्या कड्यावर स्वच्छ ऊन पडलेले असते आणि खालचे खोरे पांढऱ्या जलाशयासारखे दिसते. प्रवासी हे दृश्य निसर्गशोभा म्हणून पाहतात, पण हवेच्या दृष्टीने ती एक सीमारेषा असते, जिच्या वर पाचगणी असते आणि खाली वाई.

थंड हवा खोलगट जागी साचते आणि कडेवरून निसटते, याचा पुरावा शेजारच्या महाबळेश्वरात दर हिवाळ्यात मिळतो. तेथे वेण्णा तलाव आणि लिंगमळा या खोलगट भागांत दवबिंदू गोठून गवतावर हिमकण दिसतात, तर त्याच पहाटे मुख्य गावात तापमान त्याहून कितीतरी अंशांनी अधिक असते. पाचगणीला अशी मोठी खोलगट जागा नाही. गाव सोंडेवर असल्याने त्याची थंड, जड हवा दोन्ही खोऱ्यांत ओघळून जाते आणि तिच्याबरोबर गावाचा स्वतःचा धूरही खाली उतरतो. वर राहणाऱ्यांची हवा स्वच्छ राहण्यात खाली राहणाऱ्यांच्या हवेचा वाटा असतो, हे या भूगोलातील एक अप्रिय पण खरे तथ्य आहे.

दिवस वर आला की चक्र उलटते. उन्हाने उतार तापतात, त्यांवरची हवा हलकी होऊन वर चढू लागते, पहाटेचे झाकण विरते आणि खोऱ्यात अडकलेला धूर या चढत्या वाऱ्याबरोबर माथ्यापर्यंत पोहोचतो. म्हणून कोरड्या ऋतूत पाचगणीची पहाट सर्वांत निर्मळ असते आणि सकाळ सरता सरता समोरच्या कमळगडाची आणि पांडवगडाची रेषा धूसर होऊ लागते. पुढे विसाव्या शतकात येथील क्षयरोग्यांसाठीच्या आरोग्यभुवनांत रुग्णांना पहाटे उघड्या व्हरांड्यात ठेवण्याची जी पद्धत होती, तिला हे स्थानिक वाऱ्यांचे चक्र अनायासेच अनुकूल होते.

दुसरे आणि इतिहासाच्या दृष्टीने अधिक निर्णायक कारण पावसाचे आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून कोकणपट्टी ओलांडून महाबळेश्वरच्या पश्चिम कड्यावर आदळतात, तेथे त्यांना एकदम हजार मीटरहून अधिक उंची चढावी लागते, चढताना ते थंड होतात आणि आपल्याजवळचे पाणी तेथेच रिते करतात. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. माथा ओलांडून पूर्वेकडे उतरू लागलेला वारा मात्र पुन्हा तापत आणि कोरडा होत जातो. अशा डोंगराआडच्या कमी पावसाच्या पट्ट्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. महाबळेश्वरपासून अवघ्या १८-१९ किलोमीटरवर असलेल्या पाचगणीला त्या पावसाचा तिसरा-चौथा हिस्साच मिळतो, आणि वाईपर्यंत उतरल्यावर तोही निम्म्यावर येतो. महाबळेश्वर आणि पाचगणी यांच्या उंचीतला फरक फार नाही, थंडावाही जवळपास सारखाच आहे. फरक आहे तो ओलीचा, आणि पाचगणीचा सारा इतिहास या एका फरकावर उभा आहे.

महाबळेश्वरची इंग्रजी वसाहत आधीची. सर जॉन माल्कम १८२७ ते १८३० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांनी या पठारावर आजारी गोऱ्या सैनिकांसाठी आरोग्यस्थान उभारण्याचा प्रयत्न केला आणि १८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी करार करून ती जागा कंपनी सरकारकडे घेतली. गावाला माल्कमपेठ हे नाव त्यातूनच मिळाले. परंतु सैनिकांचे हे आरोग्यस्थान फार काळ चालले नाही, कारण जूनपासून चार महिने महाबळेश्वर राहण्याजोगे नसे: ढग घरात शिरत, भिंतींना पाझर फुटत, कपड्यांवर आणि चामड्यावर बुरशी चढे, आणि घरे वाचवण्यासाठी ती बाहेरून गवताच्या ताट्यांनी झाकून बंद करावी लागत. मुंबई सरकारचा उन्हाळी मुक्काम पावसाच्या तोंडावर हलत असे, आणि दुकानदारही पाचगणीला किंवा वाईला उतरत. ज्या हवेसाठी हे गाव वसवले गेले होते तीच हवा वर्षातील एक तृतीयांश काळ रुग्णाला घातक ठरावी, हा महाबळेश्वरचा पेच होता.

त्या काळच्या वैद्यकाला ओल एवढी भयंकर का वाटत होती, हे समजल्याशिवाय पुढील घडामोडी उलगडत नाहीत. रोगजंतूंचा शोध लागण्यापूर्वी युरोपीय वैद्यक बहुतेक तापांचे मूळ दलदलीतून आणि कुजणाऱ्या पाल्यातून उठणाऱ्या दूषित हवेत शोधत असे. ‘मलेरिया’ या शब्दाचा इटालियन भाषेतील मूळ अर्थच ‘वाईट हवा’ असा आहे. भारतीय परंपरेतही देश आणि आरोग्य यांचा संबंध जुना आहे. आयुर्वेदाने भूप्रदेशांचे जांगल, आनूप आणि साधारण असे तीन प्रकार मानले असून जांगल म्हणजे कोरडा, मोकळ्या वाऱ्याचा, विरळ झाडीचा प्रदेश, आनूप म्हणजे पाणथळ आणि दमट प्रदेश, तर साधारण म्हणजे दोहोंचा समतोल साधणारा प्रदेश होय. आनूप देशात कफाचे विकार बळावतात आणि साधारण देश राहण्यास उत्तम, अशी त्यामागील धारणा होती. मराठी घरांत ‘हवापालट’ आणि ‘हवापाणी मानवणे’ हे शब्दप्रयोग ज्या सहजतेने वापरले जातात, त्यामागे ही दीर्घ परंपरा आहे. या दोन वैद्यकपरंपरा एकमेकींपासून फार दूर असल्या, तरी महाबळेश्वरचा पावसाळा वाईट आणि पाचगणीचा बरा, या निष्कर्षावर दोन्ही एकत्र आल्या असत्या.

१८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाल्यानंतर हा सारा डोंगराळ प्रदेश थेट इंग्रजी अमलाखाली आला, आणि १८६० च्या दशकात, सर बार्टल फ्रियर मुंबईचे गव्हर्नर असताना, बारमाही राहता येईल अशा आरोग्यस्थानाचा विचार पाचगणीपाशी स्थिरावला. या कामाशी जॉन चेसन यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. त्यांच्या देखरेखीखाली बंगल्यांच्या जागा आखल्या गेल्या आणि उघड्या माथ्यावर परदेशी झाडे लावली गेली, ज्यांत ऑस्ट्रेलियातून आलेला सिल्व्हर ओक सर्वांत ठळक आहे. आज पाचगणीची म्हणून ओळखली जाणारी उंच, करड्या पानांची झाडी ही मूळची सह्याद्रीची नाही, ती या लागवडीची देणगी आहे. ही लागवड शोभेपुरती नव्हती. जांभ्याच्या माथ्यावर उन्हाळ्यात तांबडी धूळ उडते आणि कोरडा वारा ती घरांत आणतो. झाडांच्या रांगांनी वाऱ्याचा जोर मोडला, धूळ अडवली आणि पाचगणीची हवा काही अंशी माणसाने घडवली. या गावाची हवा ‘नैसर्गिक’ आहे असे म्हणताना चेसन यांच्या काळापासून चालत आलेल्या या श्रमाचा विसर पडू नये.

हवा कितीही चांगली असली तरी तिच्यापर्यंत पोहोचता आले पाहिजे. भोर घाटातून मुंबई-पुणे लोहमार्ग १८६३ मध्ये पूर्ण झाला, पुढे पुणे-मिरज मार्गावर वाठार हे स्थानक झाले, आणि तेथून टांग्याने वाईमार्गे पसरणीचा घाट चढून पाचगणी गाठता येऊ लागली. मुंबईच्या कोंदट चाळी, गिरण्यांचा धूर आणि १८९६ नंतरची प्लेगची दहशत यांपासून दूर जाण्याची ऐपत ज्यांना होती, त्यांच्यासाठी हा प्रवास मोलाचा होता. पारशी कुटुंबांनी येथे बंगले बांधले, मिशनऱ्यांनी आणि इतरांनी निवासी शाळा काढल्या. पावसाळ्यातही मुलांना ठेवता येईल अशी जागा असल्यामुळेच वर्षभर चालणाऱ्या शाळा येथे रुजल्या.

पाचगणीच्या हवेची खरी कसोटी मात्र क्षयरोगाने घेतली. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवून दिला, तरी त्याला मारणारे औषध पुढील सहा दशके कोणाजवळही नव्हते, आणि त्या पोकळीत हवा हेच औषध झाले. जर्मनीत हेरमान ब्रेमर यांनी १८५४ मध्ये डोंगराळ गावी क्षयरुग्णांसाठी आरोग्यभुवन उघडले होते. रुग्णाला उंचावर, उघड्या हवेत, विश्रांतीत आणि भरपूर आहारावर ठेवायचे, ही त्यांची पद्धत जगभर पसरली. भारतात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अजमेरजवळ तिलोनिया, कुमाऊंमध्ये अलमोडा आणि सिमल्याच्या वाटेवर धरमपूर येथे अशी आरोग्यभुवने निघाली, आणि १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी पाचगणीत ‘बेल-एअर’ आरोग्यभुवन सुरू केले. संस्थेच्या नावातच हवा आहे. त्या फ्रेंच नावाचा अर्थ ‘सुंदर हवा’ असा होतो.

आरोग्यभुवनातील दिनक्रम हवेभोवती बांधलेला असे. रुग्णांच्या खाटा दक्षिणेकडे किंवा पूर्वेकडे तोंड असलेल्या लांब व्हरांड्यांत मांडल्या जात, खिडक्या थंडीतही उघड्या राहत, ताप ठरलेल्या वेळी मोजला जाई, आठवड्याचे वजन नोंदले जाई, दूध आणि अंडी ठरलेल्या प्रमाणात दिली जात, आणि बोलणे, चालणे, वाचणे यांवरही मोजमाप असे. उंचीचे महत्त्व डॉक्टर असे सांगत की विरळ हवेत फुप्फुसांना अधिक खोल श्वास घ्यावा लागतो आणि त्यामुळे ती बळकट होतात. १,३०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे एक सप्तमांशाने कमी असतो, हे खरे आहे. परंतु त्याने क्षय बरा होतो हा निष्कर्ष टिकला नाही. जे टिकले ते वेगळे होते. क्षयाचा जंतू खोकल्यातून उडालेल्या सूक्ष्म थेंबांतून बंद खोलीत पसरतो, मोकळी हवा त्याला विरळ करते आणि ऊन त्याला मारते, म्हणून उघडा व्हरांडा रुग्णाला बरे करीत नसला तरी शेजारच्या खाटेवरील माणसाचे आणि परिचारिकेचे रक्षण करीत होता. विश्रांती आणि आहार शरीराच्या प्रतिकारशक्तीला आधार देत होते. आणि मुंबईच्या धुरातून बाहेर पडलेल्या रुग्णाच्या फुप्फुसांवरचा एक भार खरोखरच कमी होत होता. पाचगणीच्या हवेने क्षय बरा केला नाही, पण ती स्वच्छ होती आणि त्या स्वच्छतेचा उपयोगही झाला, असाच निवाडा इतिहासाने द्यावा लागतो.

या काळातील एका मुक्कामाची तारीख पाचगणीचे वैशिष्ट्य नेमके दाखवते. आगाखान पॅलेसमधील नजरकैदेतून महात्मा गांधींची प्रकृतीच्या कारणास्तव ६ मे १९४४ रोजी सुटका झाली. काही काळ जुहूला राहिल्यानंतर ते पाचगणीला आले आणि १७ जुलै १९४४ रोजी येथील ‘दिलखुश’ या निवासातून त्यांनी महमद अली जिना यांना भेटीसाठी पत्र लिहिले, ज्यातून पुढे सप्टेंबरमध्ये मुंबईतील वाटाघाटी झाल्या. जुलै हा महाबळेश्वरवर ढग उतरून बसलेले असण्याचा महिना होता. त्याच महिन्यात पंचाहत्तरीकडे झुकलेला, हिवतापाने खंगलेला माणूस अठरा किलोमीटर अलीकडे विश्रांती घेऊ शकत होता, हेच पर्जन्यछायेचे देणे.

क्षयोपचारासाठी डोंगर हीच एकमेव निवड मानली जात नव्हती, याचीही नोंद करणे आवश्यक आहे. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांच्या मिशन रुग्णालयाच्या कार्यातून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्षयरुग्णांसाठी जे आरोग्यभुवन निघाले, ते मिरज आणि सांगली यांच्यामधील सपाट माळावर, आज वानलेसवाडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागी होते. तेथील गुण उंचीत नव्हता, देशावरच्या कोरड्या, मोकळ्या हवेत होता. डोंगर आणि माळ अशा दोन निराळ्या भूगोलांत एकच उपचार चालत होता, आणि त्यावरूनच उंचीच्या सिद्धांताविषयी शंका घेता आली असती.

शेवटी निकाल औषधांनी दिला. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले, त्यापाठोपाठ पीएएस आणि आयसोनियाझिड ही औषधे आली, आणि मद्रासमध्ये १९५६ पासून झालेल्या एका अभ्यासात रुग्णांचे दोन गट करून एकाला आरोग्यभुवनात आणि दुसऱ्याला त्याच्या गरीब, दाटीच्या घरात तीच औषधे देण्यात आली. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांत बरे होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले. भारतीय शहरात झालेल्या या अभ्यासाने जगभरातील आरोग्यभुवनांचा काळ संपवला. बेल-एअर बंद पडले नाही. ते रेडक्रॉसकडे गेले आणि १९९० च्या दशकानंतर एचआयव्हीबाधितांच्या शुश्रूषेसाठी ओळखले जाऊ लागले. हवेवरचा वैद्यकीय विश्वास संपला आणि पाचगणी पर्यटनाकडे वळली. हवेचा लौकिक राहिला, त्याचे गिऱ्हाईक बदलले.

या सर्व काळात हवा पूर्णपणे निर्मळ होती, अशी समजूत करून घेणेही चुकीचे ठरेल. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि जावळीच्या खोऱ्यांत भाताचे रोप टाकण्यापूर्वी ‘राब’ भाजण्याची पद्धत जुनी आहे: वाफ्यावर फांद्या, पाला आणि शेण पसरून पावसाआधी ते जाळायचे, म्हणजे तण मरते आणि राखेने रोपाला जोर येतो. त्याहून जुनी ‘कुमरी’ म्हणजे उतारावरचे रान तोडून, जाळून काही वर्षे पीक घेण्याची आणि नंतर जागा सोडून देण्याची रीत होती, जिच्यावर इंग्रजी वनखात्याने निर्बंध आणले. गवताच्या माळांवर लागणारे किंवा लावले जाणारे वणवे हे फेब्रुवारी ते मे या महिन्यांचे कायमचे लक्षण होते. याच महिन्यांत पाऊस नसतो, जमीन तापते, हवा उंचापर्यंत ढवळली जाते, आणि धूर माथ्यापर्यंत सहज पोहोचतो. गावात बंबासाठी आणि चुलीसाठी जळणारे लाकूड वेगळेच. पहिला पाऊस पडला की थेंबांबरोबर धूळ आणि काजळी जमिनीवर उतरते, समुद्रावरची धूररहित हवा तिची जागा घेते, आणि चार महिने पाचगणीची हवा वर्षातील सर्वांत स्वच्छ असते. ऑक्टोबरात वारे उलटतात, पूर्वेकडून देशावरची कोरडी, धूळभरली हवा येते आणि चक्र पुन्हा सुरू होते. पावसाळ्याची हवा दमट म्हणून वैद्यांना नकोशी होती, पण कणांच्या हिशेबाने तीच सर्वोत्तम होती. ‘चांगली हवा’ या शब्दाचा अर्थ दीडशे वर्षांत किती बदलला, हे या एका विरोधातून दिसते.

आजचा हिशेब कणांचाच आहे. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान असलेले कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, केसाच्या जाडीच्या तुलनेत कितीतरी पटींनी बारीक असतात, फुप्फुसांच्या अगदी टोकापर्यंत जातात आणि रक्तातही उतरू शकतात. भारतीय मानकानुसार त्यांची वार्षिक सरासरी घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही मर्यादा ५ मायक्रोग्रॅमवर आणली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासासाठी उंचावरील प्रयोगशाळा सुरू केली. जे रहिवाशांना धूसर झालेल्या गडांवरून कळत असे, ते आता तेथे यंत्रांनी मोजले जाते. ढगाचा प्रत्येक थेंब एखाद्या सूक्ष्म कणाभोवतीच जमतो, त्यामुळे ढगांचा अभ्यास हा अपरिहार्यपणे हवेतील कणांचाही अभ्यास ठरतो.

संरक्षणाची कायदेशीर चौकट १७ जानेवारी २००१ रोजी आली, जेव्हा केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला आणि तेथील बांधकाम, वृक्षतोड व उद्योग यांवर निर्बंध घातले. हे पाऊल योग्य होते आणि त्यामुळे माथ्यावरची बरीच झाडी वाचली. परंतु ही सीमा जमिनीवर आखलेली आहे, आणि ती मुख्यतः माथ्याभोवती फिरते. खालच्या कृष्णाखोऱ्यात धोम धरण झाले, पाण्याबरोबर ऊस वाढला, आणि उसाचे गाळप, पाचट म्हणजे तोडणीनंतर उरलेला वाळका पाला जाळणे, गुऱ्हाळे आणि वीटभट्ट्या यांचा हंगाम हिवाळ्यातच येतो, जेव्हा खोऱ्यावर विपरीततेचे झाकण असते. सुटीच्या दिवशी पसरणीच्या घाटात लागणाऱ्या मोटारींच्या रांगा त्यात आपली भर घालतात, आणि चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळणारे वाहन सपाटीपेक्षा कितीतरी अधिक इंधन जाळते. वाईकरांना या धुराचा त्रास पहाटे होतो, पाचगणीकरांना तो ऊन वर आल्यावर होतो. धूर एकच असतो.

मोकळ्या हवेसाठी निवडलेल्या जागेचे पुढे काय होऊ शकते, हे सांगली-मिरजेने दाखवून दिले आहे. वानलेसवाडीचा माळ आता शहराच्या वस्तीत मिसळला आहे, आणि २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला तेव्हा हवेची मानके सातत्याने न पाळणाऱ्या महाराष्ट्रातील शहरांच्या यादीत सांगलीचे नाव होते. पाचगणीला माळापेक्षा भूगोलाचा आधार अधिक भक्कम आहे, कारण तिच्या कडा दर रात्री तिची हवा खाली सोडून देतात. मात्र दर सकाळी खोऱ्याची हवा वर येते, आणि त्या खोऱ्याचा बराच भाग २००१ च्या सीमारेषेच्या बाहेर आहे.